सही सर्वांची, जबाबदारी कोणाची?

समलिंगी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांना महाविद्यालयात आधार मिळावा, असा विषय निघाला की एक तर कुचेष्टेचे हसू उमटते, नाही तर ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ’ म्हणून तो झटकला जातो. मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांना, संस्थाचालकांना आणि सुशिक्षित कुटुंबांना ही झटकाझटकी फार काळ परवडणार नाही.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत महाविद्यालयांच्या आवारांत पालकांची लगबग सुरू होते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, छायाचित्रे अशी जमवाजमव चालते. या कागदांबरोबर आणखी एक कागद भरून द्यावा लागतो. तो म्हणजे रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र. त्यावर विद्यार्थ्याची सही असते आणि पालकाचीही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम आपण वाचले आहेत, विशेषतः त्यातील कलम ३ नीट पाहिले आहे आणि रॅगिंग कशाला म्हणतात हे आपल्याला ठाऊक आहे, असे पालक त्यात लिहून देतात.

आता हे कलम ३ खरोखर किती जणांनी वाचले असेल? २०१६ मध्ये आयोगाने त्यात दुरुस्ती केली आणि रॅगिंगची व्याख्या रुंदावली. वर्ण, वंश, धर्म, जात, भाषा, प्रांत, आर्थिक स्थिती यांवरून एखाद्या विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक त्रास देणे, त्याला वाळीत टाकणे हे जसे रॅगिंग ठरते, तसेच लिंगओळखीवरून आणि लैंगिक कलावरून छळणे हेही रॅगिंगच होय, असे त्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटले आहे. तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा तर त्यात नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे मुलाच्या प्रवेशासाठी सही करणाऱ्या प्रत्येक मध्यमवर्गीय पालकाने ही गोष्ट मान्य करून ठेवलेली आहे. चालण्याबोलण्यावरून एखाद्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून हाक मारणे, त्याची नक्कल करून वर्गाला हसवणे, प्रयोगशाळेत त्याच्याशेजारी उभे राहायला नकार देणे या गोष्टी थट्टामस्करीत मोडत नाहीत. ज्या गुन्ह्यासाठी विद्यार्थ्याला महाविद्यालयातून काढून टाकता येते, त्याच गुन्ह्यात त्या मोडतात.

तेव्हा हा विषय महाविद्यालयाच्या आवारात यावा की न यावा, हा वाद आता उरलेला नाही. तो कधीच आत आला आहे आणि त्याखाली सर्वांच्या सह्या आहेत. सही केलेला शब्द पाळण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

दोन आवारे आणि शेकडो महाविद्यालये

मुंबईच्या पूर्व उपनगरात या विषयात पुढे गेलेल्या दोन संस्था आहेत. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीत, २०११ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी ‘साथी’ नावाचा गट स्थापन केला. त्या वेळी भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ अस्तित्वात होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याची धार कमी केली होती, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी ती पुन्हा परत आणली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून कायमचे वगळले. सर्वोच्च न्यायालयाच्या या दोन्ही निकालांच्या आधीपासून पवईत काही विद्यार्थी एकमेकांना आधार देऊ पाहत होते. दुसरी संस्था देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. तिने २०१७-१८ च्या सुमारास मुलींच्या वसतिगृहाच्या एका भागात लिंगनिरपेक्ष निवासाची सोय केली. त्या वेळी देशात अशी सोय जवळजवळ कोठेच नव्हती.

परंतु या दोन्ही संस्था म्हणजे मुंबईचे उच्च शिक्षण नव्हे. त्या निवासी आहेत, केंद्राच्या वा केंद्राच्या साहाय्याच्या आहेत आणि देशभरातून निवडून आलेली मुले तेथे शिकतात. उपनगरांतील खरे शिक्षण चालते ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न शेकडो महाविद्यालयांत. तेथील विद्यार्थी वसतिगृहात राहत नाही. तो सकाळी लोकलने येतो, दुपारी एखादी शिकवणी वा अर्धवेळ नोकरी करतो आणि रात्री एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत पाच माणसांत झोपतो. त्याला दार लावून विचार करायलाही जागा नाही. घरी बोलता येत नाही, इमारतीत सगळे ओळखीचे, गाडीत सगळे अनोळखी. दिवसातील पाच-सहा तास तो जेथे असतो, ते महाविद्यालयच त्याला मोकळेपणाने श्वास घेण्यासाठी उरते. तेथेही त्याच्या वाट्याला कुचेष्टाच आली, तर त्याने जायचे कोठे?

पवईच्या मुलांनी आपला मार्ग आपण काढला. त्यांना गुण होते, प्रतिष्ठा होती, वसतिगृहाच्या खोल्या होत्या. बोरिवलीच्या वा मुलुंडच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने गट स्थापन करावा, तोही स्वतःचे नाव सर्वांसमोर आणून, अशी अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. जेथे विद्यार्थी दुबळा असतो, तेथे संस्थेने सबळ व्हायचे असते. शिक्षणसंस्था काढणाऱ्या मागच्या पिढीतील धुरीणांची धारणा हीच होती. गरीब विद्यार्थ्यांसाठी वार लावून देणारा, वसतिगृहे काढणारा, पुस्तकपेढ्या चालवणारा हा समाज आहे. ज्याला घरात आधार नाही, त्याला शाळेने आधार द्यावा, हा त्या सगळ्या कामामागचा साधा भाव होता.

मोकळ्या खुर्चीवर कोण बसते?

महाविद्यालयाने हे काम टाळले म्हणून ते काम थांबत नाही. ते दुसरे कोणीतरी करते आणि मग त्या दुसऱ्याविषयी तक्रार करण्यात समाजाची शक्ती जाते.

मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल कलिन्याला आहे. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर वाकोला. पत्रकार अशोक रावकवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या ‘हमसफर ट्रस्ट’चे काम वर्षानुवर्षे तेथील महापालिकेच्या इमारतीतून चालले. आरोग्यतपासणी, समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि नुसते येऊन बसण्याची मुभा त्यांनी दिली. विद्यापीठाच्या दारात असलेल्या या संस्थेकडून विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी काही शिकायला हवे होते. पण समाजाने तिच्याकडे पाहिले ते एड्सच्या संदर्भात किंवा चेष्टेच्या संदर्भात.

दुसरे उदाहरण कटू आहे. १ फेब्रुवारी २०२० रोजी आझाद मैदानावर भरलेल्या ‘क्वीअर आझादी मुंबई’च्या मेळाव्यात शर्जील इमामच्या समर्थनार्थ घोषणा दिल्या गेल्या. त्यावरून पोलिसांनी पन्नासांहून अधिक जणांवर देशद्रोहाच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला. मेळाव्याच्या आयोजकांनी त्या घोषणांपासून स्वतःला दूर ठेवले, हेही नमूद केले पाहिजे. कारण बहुसंख्य मुले तेथे काही राजकारण करण्यासाठी आलेली नव्हती. वर्षातून एक दिवस न घाबरता उभे राहता यावे, एवढ्यासाठी ती आली होती. या प्रसंगावर त्या काळी पुष्कळ संताप व्यक्त झाला. पण त्या संतापातून एक प्रश्न निसटला. ही मुले त्या मैदानात कोणाच्या हाताला धरून गेली? ज्याने दार उघडले, त्याच्या घरात माणूस जातो. घरच्यांनी आणि महाविद्यालयाने दार लावून घेतले, उघड्या दाराशी कोण उभे आहे हे त्या मुलाने कसे पारखायचे? खुर्ची मोकळी ठेवायची आणि तिच्यावर भलताच कोणी बसला म्हणून ओरडायचे, याला शहाणपण म्हणत नाहीत.

जून महिना आला की बहुराष्ट्रीय कंपन्या आपल्या बोधचिन्हांना इंद्रधनुष्याचे रंग चढवतात आणि जुलैत उतरवतात. त्या रंगांनी अंधेरीच्या एकाही मुलाचे रॅगिंग थांबलेले नाही. हा बाजार खोटा आहे, हे म्हणणे योग्यच. पण बाजार खोटा म्हणून गरज खोटी ठरत नाही. दूध भेसळीचे निघाले म्हणून बाळाची भूक नाकारता येत नाही.

अलीगढमधील मराठी प्राध्यापक

आधाराविना विद्यापीठाचे आवार काय करू शकते, याचे उदाहरण एका मराठी माणसाचेच आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरकडचे, मराठीचे अभ्यासक आणि कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि त्यांचे खासगी क्षण चित्रित केले. विद्यापीठाने काय केले? परक्याच्या शयनगृहात शिरणाऱ्यांना जाब विचारण्याऐवजी, ज्याच्या घरात शिरले गेले त्यालाच गैरवर्तनाच्या नावाखाली निलंबित केले आणि निवासस्थान सोडायला सांगितले. निवृत्ती काही महिन्यांवर आलेली होती. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २ जुलै २००९ च्या निकालानंतर हा गुन्हाही राहिलेला नव्हता. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला हा प्राध्यापक भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळला. पुढे त्यांच्यावर ‘अलीगढ’ हा चित्रपट निघाला, म्हणून लोकांना ते नाव कळले.

हे अलीगढमध्ये घडले म्हणून तिकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि बोट दाखवण्याजोगे तेथे आहेही. परंतु मराठी साहित्यविश्वातील किती जण त्या दोन महिन्यांत आपल्या या भाषाबंधूच्या पाठीशी उभे राहिले? महाराष्ट्रातील किती शिक्षणसंस्थांनी त्यानंतर आपल्याकडे असे घडले तर काय करायचे, याचा विचार केला? सिरस हे प्रौढ होते, विद्वान होते, न्यायालयापर्यंत पोहोचू शकले आणि जिंकलेही. तरीही एकटेपणापुढे त्या विजयाचा उपयोग झाला नाही. मग ज्याला अजून मिसरूडही फुटलेले नाही, त्या मुलाची काय कथा?

परके की आपले?

‘हे आपल्याकडे नव्हतेच’ हा युक्तिवाद आता विचारपूर्वक सोडून दिला पाहिजे. महाभारतात शिखंडी आहे, बृहन्नडा आहे. शिवाचे अर्धनारीश्वर रूप घराघरांत पूजले जाते. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक डॉ. मोहन भागवत यांनी मुलाखतीत या विषयावर बोलताना जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला दिला होता. अशी माणसे पूर्वापार आहेत, त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, त्यांना त्यांचे स्वतःचे अवकाश मिळाले पाहिजे आणि समाजात आपण सामावलेले आहोत असे त्यांना वाटले पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. याच परंपरेचे दुसरे दर्शन कुंभमेळ्यात घडते. किन्नर आखाडा २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात दिसला आणि २०१९ मध्ये प्रयागराजला जुन्या आखाड्याबरोबर स्नानाला उतरला.

या विचाराचा प्रवास सरळ झालेला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. मार्च २०१६ मध्ये दत्तात्रेय होसबाळे यांनी समलैंगिकता हा गुन्हा नव्हे असे म्हटले. पण ते सामाजिकदृष्ट्या अनैतिक आहे आणि मानसशास्त्रीय प्रश्न म्हणून त्याकडे पाहावे, असेही लगोलग स्पष्ट केले. सप्टेंबर २०१८ मध्ये अरुण कुमार यांनी पुन्हा तो गुन्हा नाही असे सांगतानाच असे संबंध आणि असे विवाह निसर्गसुसंगत नसल्याचे म्हटले. २०२३ मध्ये भाषा आणखी मवाळ झाली. दरम्यान वैद्यकशास्त्राने आपले मत निःसंदिग्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले होते. २०१८ मध्ये भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हा मनोविकार नाही असे जाहीर केले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ‘बरे करण्याच्या’ तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. ज्याला आजार म्हणत नाहीत, त्यावर उपचार करू पाहणारा डॉक्टर आता स्वतःच दोषी ठरतो.

विवाहाचा प्रश्न निराळा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क घटनेतून निघत नाही असे सांगून तो विषय संसदेकडे सोपवला. त्यावर मतभेद असू शकतात आणि ते रीतसर मांडलेही जातील. पण विवाहाविषयीचे मत काहीही असले, तरी वर्गात शिकणाऱ्या मुलाला शिव्या खाव्या लागू नयेत, यावर दुमत होण्याचे कारण काय? एका मोठ्या वादाचे निमित्त करून एक लहान आणि निर्विवाद कर्तव्य चुकवले जात आहे. ते पार पाडण्यासाठी कोणतीही विचारसरणी सोडावी लागत नाही, फक्त आळस आणि संकोच सोडावा लागतो.

उंबरठ्याच्या आत

मराठी माणसाला हा विषय अनोळखी आहे असे म्हणणे म्हणजे स्वतःच्याच वाङ्मयाचा अवमान आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. विनय आपटे यांनी ते बसवले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा साकारली. ही मित्रा महाविद्यालयात शिकणारी मुलगी आहे, तिला मुलीविषयी ओढ वाटते आणि शेवटी ती जीव देते. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचे सत्य समजल्यावर हादरलेली आणि हळूहळू सावरणारी आई आहे. पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ काढला आणि मराठीत या विषयावर सातत्याने लिहिले. नाटकाला टाळ्या वाजवून घरी परतणाऱ्या प्रेक्षकाने आपल्या मुलीच्या महाविद्यालयात एखादी मित्रा आहे का, तिचे काय चालले आहे, याची चौकशी मात्र केली नाही.

कुटुंबव्यवस्था हे या समाजाचे बळ आहे. पण कुटुंब टिकवण्याच्या नावाखाली जे केले जाते, ते पुष्कळदा कुटुंबाच्याच मुळावर येते. मुलाविषयी कुणकुण लागली की ‘लग्न करून टाका, सगळे सुरळीत होईल’ असा सल्ला नात्यातील वडीलधारी मंडळी देतात. लग्न होते. काहीही सुरळीत होत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी घरी लाडाकोडात वाढलेली, काहीही अपराध नसलेली मुलगी आयुष्यभराची शिक्षा भोगते. आपल्या घराची अब्रू झाकण्यासाठी दुसऱ्याच्या लेकीचा पदर ओढून घेण्याला संस्कार म्हणायचे काय? विवाह हा पवित्र संस्कार आहे अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनीच अशा फसवणुकीच्या लग्नांना सर्वाधिक विरोध केला पाहिजे. आणि तो विरोध लग्नाच्या मांडवात करून उपयोगाचा नाही. मुलगा वा मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असताना, महाविद्यालयात कोणा जाणत्या माणसाशी बोलू शकली तरच तो वेळेवर होतो.

वेळेवर बोललेला एक शब्द काय करतो, हे ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपल्या मराठी आत्मकथनात सांगितले आहे. शाळकरी वयात, सगळीकडून हिणवले जात असताना, त्यांची अशोक रावकवी यांच्याशी भेट झाली. तुझ्यात काही विकृत नाही, तू अभ्यासाकडे लक्ष दे, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. त्या मुलाने अभ्यास केला, विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयातून पदवी घेतली, भरतनाट्यम शिकले, आणि तीच व्यक्ती पुढे किन्नर आखाड्याची महामंडलेश्वर झाली. त्यांच्या घराने त्यांना कधी बाहेर काढले नाही, ही गोष्टही तितकीच मोलाची. आधार केंद्र म्हणजे याहून फार वेगळे काही नसते. तू ठीक आहेस, अभ्यास कर, कोणी त्रास दिला तर मला सांग, इतके सांगणारा जबाबदार माणूस तेथे असला म्हणजे पुरे.

आक्षेपांचा समाचार

या मागणीवर नेहमीचे काही आक्षेप येतात. पहिला असा की, अशा केंद्रांमुळे कोवळ्या वयातील मुले या बाजूला वळतील. समुपदेशकाशी बोलून कोणी डावखुरा झाल्याचे ऐकिवात नाही. ज्याला तो प्रश्न नाही, तो त्या खोलीकडे फिरकणार नाही. ज्याला आहे, तो खोली नसली तरी प्रश्न घेऊनच फिरणार आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. गरीब मुलांच्या शुल्काची भ्रांत असताना हे खास चोचले कशाला? पण यासाठी वेगळा महाल बांधायचा नाही. विशाखापट्टणममधील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे आणि पालकांसाठीही जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असे त्यात आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग विद्यार्थ्यांबरोबर एलजीबीटी विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने कसे वागावे, याचाही त्या प्रशिक्षणात समावेश हवा, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे जो समुपदेशक नापास झालेल्या मुलासाठी, शुल्क न भरता आलेल्या मुलीसाठी बसेल, तोच याही मुलासाठी बसेल. खोली एक, पगार एक, फक्त दृष्टी रुंद हवी.

तिसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. मुलाच्या आयुष्यातील एवढी मोठी गोष्ट महाविद्यालयाने आमच्यापासून लपवायची का? आईवडिलांच्या काळजातील ही कळ खोटी नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार आणि समुपदेशनातील गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे, तो काही कारणानेच. गोष्ट बाहेर फुटणार अशी भीती असेल, तर मुलगा बोलणारच नाही. आणि जो कोणाशीच बोलत नाही, त्याचे काय होते हे सांगण्याची गरज नाही. चांगला समुपदेशक मुलाला घरापासून तोडत नाही, घरी बोलण्याचे बळ देतो. मुंबईत २०१७ मध्ये अशा मुलांच्या पालकांनीच ‘स्वीकार’ नावाचा गट सुरू केला. एका आईचे दुःख दुसऱ्या आईला जितके कळते, तितके कोणाला कळत नाही. महाविद्यालयाच्या पालकसभेत अशा पालकांना बोलवायला कोणी हरकत घेतली आहे काय?

चौथा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण तोच सर्वांत बळकट आहे: ‘आमच्या महाविद्यालयात असे कोणी नाही.’ ज्या प्राचार्यांना असे वाटते, त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, जेथे सांगायला सुरक्षित जागा नसते तेथे असे कोणी कधीच सापडत नाही.

चार साधी कामे

महाविद्यालयांनी काय करावे, यासाठी नवा कायदा वा नवे धोरण येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रॅगिंगविरोधी समितीने आपल्या फलकावर २०१६ ची दुरुस्ती मराठीत, ठळक अक्षरांत लावावी, म्हणजे छळणाऱ्याला आणि छळल्या जाणाऱ्याला दोघांनाही ती दिसेल. समुपदेशकाची वेळ आणि खोली जाहीर करावी. ती खोली कार्यालयाच्या रांगेसमोर नसावी. त्याच फलकावर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या विनामूल्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक असावा. तृतीयपंथी व्यक्तींसाठी संसदेने २०१९ मध्ये कायदा केला, तेव्हा प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा अशी तरतूद केली आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी भेदभावाविना शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यावी असे बजावले. त्या अधिकाऱ्याचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. आणि ग्रंथालयात या विषयावरील मराठी पुस्तके सहज हाती लागतील अशी ठेवावीत. अर्धवट माहिती भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून घेण्यापेक्षा मुलाने ती ग्रंथालयात बसून घेतलेली बरी.

या चार कामांना किती खर्च येतो? एका स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा नक्कीच कमी.

कार्यकर्त्यांसाठीही येथे काम आहे. उपनगरांतील अनेक शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत समाजकार्याची परंपरा सांगणारी माणसे बसतात. विद्यार्थ्यांत वावरणारे कार्यकर्ते प्रत्येक आवारात आहेत. वनवासी पाड्यांवर, झोपडपट्ट्यांत, भूकंपग्रस्त गावांत जाऊन ‘हे आपलेच आहेत’ असे म्हणणाऱ्यांना स्वतःच्या महाविद्यालयातील मागच्या बाकावर एकटा बसणारा मुलगा आपला वाटू नये, हे त्या परंपरेला शोभणारे नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला कोणत्याही मोर्चात जावे लागत नाही, कोणताही झेंडा हाती घ्यावा लागत नाही. वर्गात त्याची नक्कल सुरू झाली की ‘पुरे झाले’ असे मोठ्याने म्हणावे लागते, इतकेच. पहिल्यांदा हे म्हणणारा एकटा असतो. दुसऱ्यांदा सहसा नसतो.

समाजाची परीक्षा बलवानांना तो किती मान देतो यावर होत नाही. ज्याची बाजू घेतल्याने काहीच मिळणार नाही, उलट चार लोक हसतील, त्याची बाजू तो घेतो की नाही, यावर ती होते. उपनगरांतील महाविद्यालयांपुढे आज ही परीक्षा आहे आणि ती देणे त्यांना टाळता येणार नाही.